खाऱ्या वाऱ्यात पाट्याच्या हँगरला रिव्हेटच हवं, बोल्ट नको. तुमचं मत?

मिरकरवाडा-टेम्पो:
रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूरला मासळी नेतो. गेल्या आठवड्यात टेम्पो उजवीकडे बसल्यासारखा वाटला म्हणून खाली घुसलो. मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) पुढचा हँगर, म्हणजे पाट्यांचं टोक धरणारा ब्रॅकेट, चॅसीला चार रिव्हेटांनी (डोकं ठोकून बसवलेल्या, आटे नसलेल्या खिळींनी) धरलेला असतो, त्यातल्या दोघांच्या डोक्याखालून तांबूस ओघळ उतरलेला. एका बाजूने बोट टेकवलं, दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका टोला दिला, तर बोटाला टिचकी बसल्यासारखं झालं. घट्ट रिव्हेट असं हलत नाही.

ग्राइंडरने डोकं उडवलं आणि पंचने दांडा खाली पाडला. दांड्याला मधोमध गळा पडला होता, जिथे चॅसी आणि ब्रॅकेट एकमेकांना टेकतात नेमकं तिथे. मध्ये गंजाचे पापुद्रे, नखाने निघतील असे.

गॅरेजवाल्याने लगेच १२ मिलिमीटरचा बोल्ट काढला. "दोन तासांत गाडी घेऊन जा" म्हणाला. मी नको म्हटलं आणि गाडी उभी ठेवली, कारण भोक मोजलं तर १३ला टेकलेलं. १३च्या भोकात १२चा बोल्ट म्हणजे तो फक्त दाबून धरणार, भोक भरणार नाही. घाट चढताना ओढ आणि उतरताना ब्रेकचा धक्का दोन्ही याच पुढच्या हँगरवर येतात. पाट्यांचं मागचं टोक धरणारी शॅकल झुलते, तिला तेवढं सोसावं लागत नाही. आवळ जरा कमी झाली की बोल्ट भोकात मागेपुढे खाणार. ठोकलेलं रिव्हेट फुगून भोक भरून टाकतं आणि त्याला सैल व्हायला आटे नसतात. कंपनीने रिव्हेट दिलंय ते काही उगाच नाही. माझं मत: जिथे रिव्हेट होतं तिथे रिव्हेटच.

कुडाळ-गॅरेज:
दादा, गळा पडलेला दांडा रिव्हेटचाच होता ना? मग रिव्हेट सैल होत नाही असं कसं म्हणता?

तुम्ही बोल्टवर रागावलाय, पण चूक भोकाची आहे. १३च्या भोकात १२चा बोल्ट घालणारा मिस्त्री चुकलाच. मी असं काम आलं की भोकात रीमर फिरवतो, १४ला गोल करतो आणि १४चा बोल्ट हाताच्या हलक्या टोल्याने जाईल असा बसवतो. बोल्टचा गुळगुळीत भाग दोन्ही पत्र्यांच्या सांध्यापलीकडे गेला पाहिजे, आटे सांध्यात येता कामा नयेत. बहुतेक जण इथेच फसतात. आखूड बोल्ट घेतात, पूर्ण आट्यांचा, आणि तो आट्याच्या खाचेतून तुटतो.

डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा दर्जा लिहिलेला बघून घ्या. नुसता चकचकीत, आकडा नसलेला बोल्ट हँगरला लावू नका. आणि टॉर्कचा पाना वापरा. १२च्या ८.८ला साधारण ८० न्यूटन-मीटर लागतं, लांब पाइप घालून अंदाजे ओढायचं काम नाही हे. आवळायच्या आधी सांध्यातला रंग आणि गंज खरवडून काढायचा. जाड रंगावर आवळलेला बोल्ट रंग दबला की आपोआप ढिला पडतो. चार-पाचशे किलोमीटरनंतर एकदा परत पाना लावायचा. रिव्हेटला ही सोय नाही, ढिलं झालं की कापूनच काढायचं.

गोदीतला-फिटर:
मुंबईच्या गोदीत आयुष्य गेलं, आता गुहागरजवळ गावी असतो. रिव्हेट हे माझं आवडतं काम, म्हणूनच सांगतो की रस्त्याकडेच्या गॅरेजात करायचं हे काम नाही.

गरम रिव्हेट लाल-नारिंगी असतानाच भोकात जायला हवं. एक जण तापवणार, दुसरा डोक्यामागे जड टेकू धरणार, तिसरा ठोकणार. थंड होताना दांडा लांबीने आकसतो आणि दोन्ही पत्रे ओढून धरतो, त्याची खरी ताकद ती. पण तो जाडीनेही किंचित आकसतो. म्हणजे "भोक भरून टाकतं" हे तुमचं म्हणणं गरम रिव्हेटाला तंतोतंत लागू नाही, मिरकरवाडावाले. कारखान्यात चॅसीची रिव्हेटं मोठ्या प्रेसमध्ये थंडच दाबतात, ती भोक खरोखर भरतात. तो प्रेस तुमच्या गावात आहे का?

लांबीचा हिशेब लिहून ठेवा. ब्रॅकेट ८ आणि चॅसी ६, मिळून १४ मिलिमीटर. दुसरं डोकं घडवायला दांडा जाडीच्या दीडपट बाहेर हवा, १२च्या रिव्हेटाला १८. म्हणजे ३२ मिलिमीटरचा दांडा. २५चा घातलात तर डोकं अर्धवट घडेल, ४०चा घातलात तर दांडा भोकातच वाकेल आणि डोकं एका अंगाला बसेल. दोन्ही रिव्हेटं वरून छान दिसतात.

मिरकरवाडा-टेम्पो:
काका, प्रेसचं मान्य. पण कोल्हापुरात ट्रकच्या चॅसीचं काम करणाऱ्यांकडे हायड्रॉलिक रिव्हेटिंग होतं, मी पाहिलंय. एक दिवस गाडी तिकडे उभी राहील, एवढंच. मासळीच्या गाडीला एक दिवस जड जातो, पण घाटात हँगर निघण्यापेक्षा बरा.

वेंगुर्ला-लाइन:
खरा सांगतंय, हयसरच्या वाऱ्यात लोखंड रवणा नाय. बोल्ट घाला नायतर रिबीट घाला. सरळ वेल्डिंग मारून टाका, मध्ये पाणीच शिरूचा नाय.

कुडाळ-गॅरेज:
नको रे बाबा. चॅसीच्या पट्टीवर वेल्डिंग म्हणजे उष्णतेने शेजारचं लोखंड बदलतं आणि पुढची चीर वेल्डच्या काठानेच चालू होते. चॅसी मुद्दाम थोडी लवचीक ठेवलेली असते, खड्ड्यात ती पिळते. रिव्हेट किंवा बोल्ट ती पीळ थोडी पचवतात, वेल्ड पचवत नाही. वरच्या-खालच्या पट्टीत नवीन भोकही पाडायचं नाही. चीर पडलेली चॅसी मी दोनदा पाहिली, दोन्ही वेळा आधी कोणीतरी वेल्डिंग मारलेलं होतं.

हर्णे-मासळी:
तुम्ही सगळे हँगरवरच अडकलात. मूळ वर आहे, मासळीच्या खोक्यात. बर्फ वितळून मासळीचं पाणी उतरतं, ते निचऱ्याच्या भोकातून थेट मागच्या पाट्यांच्या हँगरवर पडतं. समुद्रावरचा वारा एकीकडे आणि हे रोजचं खारं पाणी दुसरीकडे. आम्ही भोकाला रबरी नळी जोडून तळाशी टाकी टांगली, तेव्हापासून हँगर कोरडा राहतो.

आणि आमचा खरा घोळ पॉप रिव्हेटांचा, म्हणजे कांडी ओढून एकाच बाजूने बसवायच्या पोकळ रिव्हेटांचा. आतला पत्रा ॲल्युमिनियमचा. पहिल्यांदा साधी ॲल्युमिनियमची लावली, त्यातली लोखंडी कांडी आत राहिली आणि गंजून तांबडं पाणी पत्र्यावर उतरायला लागलं. मग कोणीतरी स्टेनलेसची लावायला सांगितली, "कायमचं काम" म्हणून. दोन पावसाळ्यांत प्रत्येक रिव्हेटाभोवती पांढरी भुकटी. खरवडली तर रिव्हेट नवं कोरं, भोवतालचा पत्राच खाल्लेला, अंगठीसारखा खड्डा. पत्र्याचं भोक मोठं झालं, रिव्हेट डोक्यासकट बाहेर आलं.

देवगड-बोटवाला:
ताई, स्टेनलेसला दोष देऊ नका. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू टेकले की वीज वाहते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पण इथे रिव्हेट छोटं, पत्रा मोठा. मोठ्या पत्र्याचं नुकसान वाटलं जातं, म्हणून ही जोडी चालते. उलट जोडी, म्हणजे स्टेनलेस पत्र्याला ॲल्युमिनियमचं रिव्हेट, ही खरी घातक, ते रिव्हेट बघता बघता संपतं. तुम्ही ३०४ जातीचं स्टेनलेस घेतलं असेल. ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला टिकतं. ताकदही ॲल्युमिनियमच्या तिपटीच्या आसपास.

गोदीतला-फिटर:
तुमचा नियम पुस्तकात बरोबर, खोक्यात अपुरा. सगळा पत्रा पाण्यात बुडालेला असेल तर नुकसान वाटलं जातं. इथे खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो, त्यातून वीज लांब जात नाही, म्हणून सगळा घास रिव्हेटाच्या काठावरच पडतो. ताईंनी पाहिलेली अंगठी तीच. ३०४ऐवजी ३१६ घेतलंत तर रिव्हेट टिकेल, पण पत्र्याला त्याचा काही फायदा नाही.

खोक्याला मी बंद टोकाचं ॲल्युमिनियम रिव्हेट म्हणेन, म्हणजे कांडीच्या भोकातून पाणी आत जात नाही. ४.८ मिलिमीटरचं असेल तर भोक ४.९, फार तर ५. सैल भोकात पॉप रिव्हेट नीट फुलत नाही. ताकद कमी वाटली तर रिव्हेटं जवळ लावा, पण पत्र्याच्या काठापासून रिव्हेटाच्या दोन जाड्यांइतकं आत. बिजागऱ्या आणि कड्यांना स्टेनलेस लागणारच, तिथे डोक्याखाली आणि भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरून मगच ओढा. धातूला धातू टेकता कामा नये.

देवगड-बोटवाला:
सीलंटचं पटलं. पण दार रोज आपटतं, तिथे ॲल्युमिनियम रिव्हेट मी लावणार नाही.

गोदीतला-फिटर:
दाराला मीही लावणार नाही.

चाकरमानी-कॅनडा:
मूळचा राजापूरचा. इथे स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावरच्या गाडीच्या, दुरुस्तीत हाच वाद रोज चालतो. तिच्या मधल्या ॲल्युमिनियमच्या पेटीला, इकडे तिला टनेल म्हणतात, मजबुतीच्या पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतात आणि सस्पेन्शनचे हात तिथेच येऊन टेकतात. उड्या मारून रिव्हेट ढिलं झालं की डोक्याभोवती काळा ओघळ येतो. लोखंडाचा तांबडा, ॲल्युमिनियमचा काळा, दोन्हीचा अर्थ एकच: आत हालचाल आहे. रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे ट्रेलरवरून नेतानाही मशीन खारवतं.

इथे दुकानातलं साधं पॉप रिव्हेट सस्पेन्शनच्या जवळ कोणी लावत नाही, कारण ते आतून पोकळ राहतं. स्ट्रक्चरल रिव्हेट लावतात, त्यात कांडी सांध्यापर्यंत आत अडकून राहते आणि दांडा भरीव होतो. भोक वाढलं असेल तर ४.८ सोडून ६.४चं. म्हणजे कुडाळवाल्यांच्या रीमरसारखंच, आधी भोक गोल, मग माप ठरवायचं.

वेंगुर्ला-लाइन:
म्हणजे रिबीट काय, बोल्ट काय, आधी भोकच बघूक होया. वेल्डिंगचा माझा म्हणणा मागे घेतलंय.

मिरकरवाडा-टेम्पो:
ताईंचं ऐकून काल खोक्याखाली गेलो. निचऱ्याचं भोक बरोबर उजव्या हँगरच्या वर आहे. डाव्या बाजूला ओघळ एकही नाही, बोट लावून चारही रिव्हेटं तपासली, एकही हलत नाही. आधी नळी लावली.

बोल्टबद्दलचं माझं मत सगळं बदललेलं नाही. जिथे भोक गोल आहे तिथे मी रिव्हेटच लावणार. उजवीकडची दोन भोकं व्हर्नियरने मोजली: पुढचं सगळीकडून १३, मागचं आडवं १३.६ आणि उभं १३. पुढच्याला कोल्हापुरात रिव्हेट. मागच्याला १४चा रीमर आणि गुळगुळीत मानेचा १०.९.

कुडाळ-गॅरेज:
दादा, एकाच ब्रॅकेटला अर्धी रिव्हेटं, अर्धे बोल्ट नका ठेवू. घट्ट बसलेलं आधी भार घेतं आणि आधी तुटतं. उजवीकडचे चारही एकाच जातीचे करा.

मिरकरवाडा-टेम्पो:
मग उरलेली दोन रिव्हेटंही काढतो आणि चारही भोकं १४ला रीम करून बोल्ट घालतो. डावी बाजू हलवत नाही. १ जूनला बोटी बंद होतात, तेव्हा टॉर्क परत बघतो.