दगड ‘वाहतो’ म्हणावं का?

पऱ्हाटी: दारव्ह्याकडच्या खेड्यात शिकवतो, नववीसाठी भूगोलाच्या टिपा मराठीत करतोय. लिहिलं, ‘प्रावरण (पृथ्वीच्या कवचाखालचा थर) घन असूनही वाहते’. एक पोरगी लगेच, सर मंग खाली लाव्हाच हाय ना? म्हटलं नाही, भूकंपाच्या दुय्यम लहरी फक्त घनातूनच जातात अन् त्या प्रावरणातून जातात, म्हणजे तो २९०० किमीचा थर दगडच आहे. पण ‘वाहते’ म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर अडाण नदी येते. दुसरं क्रियापद सुचवा.

तुरीचं वावर: पघळते म्हणा न. गूय पघयते तसं.

पऱ्हाटी: पघळणं म्हणजे ऊन लागून पातळ होणं. इथं वितळणंच नाही, तीच तर अडचण.

शब्दवेडी: परिभाषेत ‘श्यानता’ आहे. ‘अतिश्यान प्रवाह’ लिहा, पोरांना नेमका शब्द लहानपणीच मिळाला पाहिजे.

काळी माती: श्यानता मी बीएस्सीला पहिल्यांदा वाचला, तोवर दाटपणाच म्हणत होतो अन् काही अडलं नाही. आमच्या फाट्यावर रस्त्याचं काम बंद पडलं तेव्हा डांबराचा ड्रम आडवा पडून होता, हिवाळ्यात दगड मारला तर काचेसारखा टवका उडायचा, अन् मे लागेस्तोवर तेच डांबर तोंडातून हातभर बाहेर. आम्ही म्हणायचो डांबर ‘उतरलं’. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ पासून नरसाळ्यात डांबर ठेवलंय, २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले फक्त.

शब्दवेडी: डांबर द्रवच आहे हो, फार दाट एवढंच. प्रावरणातले खनिजांचे स्फटिक उष्णतेनं अन् दाबानं कणाकणानं आकार बदलतात, न वितळता. दोन्ही एक नाही.

तुरीचं वावर: मंग माही माय म्हणे ते घ्या. वैशाखात गुयाची ढेप खाली पसरली का ‘ढेप बसली’ म्हणे. पातय नाही झाली, घट्टच राह्यली, पण बसली.

पऱ्हाटी: हे आवडलं! पण बसणं खालीच जातं. स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताभोवती हिमयुगातल्या बर्फाचं ओझं गेलं तर जमीन अजून वर्षाला जवळपास १ सेंमी वर येते, कारण खालचा दगड परत तिकडं येतोय. त्याला काय, ‘उठली’ म्हणू?

काळी माती: तिथं वाहणंच बरोबर. पाण्यानं काही हा शब्द विकत नाही घेतला, वारा वाहतो, जखम वाहते.

विहारातला: पघळणेवर थोडं. आम्ही विहारात पाली शिकलो, त्यात ‘पग्घरति’ म्हणजे पाझरते, गळते. उन्हाचा संबंध नाही. मला वाटतं पाघरणं, पाघळणं, पघळणं सगळे तिथूनच.

शब्दवेडी: संस्कृत ‘प्र’ अधिक ‘गल्’ (गळणे) सरळ दिसतं की. आणि लिहिताना पाघळणे, पघळणे बोलीत.

तुरीचं वावर: बोलीत म्हंजे काय, चुकीचं हाय का? आमी पिढ्यान्‌पिढ्या पघयलंच म्हणतो.

विहारातला: ‘गल्’ असता तर घ कुठून आला, ते सांगा आधी. अन् पू वाहणाऱ्या जखमेला पघयली म्हणतात का तुमच्याकडं?

तुरीचं वावर: नाही. चिघयली.