'उपकारस्तुती' असा शब्द आहे की नाही?

जालनेकर
नाताळानंतरच्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीची उपासना असते. यंदा पत्रिकेचा मजकूर मी लिहून छापखान्यात दिला. प्रूफ आलं तर 'उपकारस्तुतीची उपासना' गायब, तिथं 'आभारप्रदर्शन कार्यक्रम'. अक्षरं जुळवणारा मुलगा म्हणाला, "दादा, तसा शब्दच नसतो, मी नीट करून दिला." त्याच्यावर राग नाही. पण आभारप्रदर्शन म्हटलं की लोक खुर्च्या सरकवून उठायला लागतात. इथं तर तीच मुख्य गोष्ट आहे.

माझी आजी दर वर्षी नव्या बाजरीचं माप घेऊन देवळात जायची. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. उपासनेत एकेक जण उभा राहून वर्षात काय मिळालं, काय टळलं ते सांगायचा. एक बाई उभी राहिली, "साप चावलेला माझा बैल वाचला," एवढंच बोलली आणि पदर डोळ्याला लावून खाली बसली. याला आभारप्रदर्शन कसं म्हणू?

पत्रिका हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांकडेही जाते. त्यांना कळेल आणि आमचंही राहील असा शब्द सुचवा.

शाळाबाई
त्या मुलाची बाजू घेते. बाहेरच्या माणसाला 'उपकार' शब्द टोचतो. "उपकार केल्यासारखं बोलू नको", "तुझे उपकार नकोत" असंच आपण ऐकतो. शिवाय स्तुती करतात उपकार करणाऱ्याची, उपकाराची नाही. भाषांतरासाठी जोडून बनवलेला शब्द वाटतो. सरळ 'कृतज्ञता उपासना' लिहा.

जालनेकर
उपकारांबद्दल केलेली स्तुती. मध्यमपदलोपी समास. बटाटेवडा चालतो तर हाही चालावा. आणि 'कृतज्ञता' आमच्या आजीच्या तोंडात कधी बसली नसती.

जुनी पोथी
मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश काढून बघा, 'आभार' म्हणजे आधी ओझं, भार. आभार मानणे म्हणजे ते ओझं आपल्यावर आहे हे कबूल करणे. म्हणून आभार मानतात आणि धन्यवाद देतात. 'धन्यवाद मानतो' हे आजकाल सगळीकडे ऐकू येतं, ते चूक.

छावणीकर
पण मराठी बायबलात तर 'परमेश्वराचा धन्यवाद कर' आहे. ना मानणे, ना देणे. तिथं धन्यवाद म्हणजे गौरव, धन्य म्हणणे. शंभर-दीडशे वर्षं लोक हे मोठ्यानं वाचतात, गातात. ते सगळे चुकले म्हणायचं का?

जुनी पोथी
चुकले म्हणत नाही. पण परदेशी मिशनऱ्यांनी मुनशी बसवून केलेलं मराठी ते. ते देवळाच्या आत शोभतं, पत्रिकेवर प्रमाण मराठी हवं.

छावणीकर
हे ऐकून वाईट वाटतं. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरात जन्मले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांना मराठी कोणी परदेशातून आणून दिली नव्हती. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगांत लिहिलं. बायबलात लूकच्या सहाव्या अध्यायात देवाच्या देण्याचं माप 'दाबून, हालवून, शीग भरून' आहे. शीग म्हणजे मापाच्या काठावर चढलेली रास. ज्यानं खळ्यावर धान्य मोजताना पाहिलंय त्यालाच 'शीग' सुचते. हे मुनशीचं मराठी नाही, कुणब्याचं आहे.

काळी आई
लातूरकडून लिहिते. आमच्याकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा शेतातला सण असतो, नाताळाच्या आसपासच येतो. शेतात कडब्याची कोप (खोपटं) करायची, भज्जी, आंबील, उंडे, आणि 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत रानात आंबील शिंपडायची. वर्षभर खाऊ घातलेल्या मातीला द्यायचं असतं ते, पण 'आभार' हा शब्द कुणीच उच्चारत नाही. लातुरात आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब होतं. येळवशीला ते आमच्या रानात जेवायला यायचे आणि नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडं. मला वाटतं मराठीत हे करून दाखवायची रीत आहे, म्हणून शब्द शोधताना अडायलंय.

शाळाबाई
शब्द आहे की. उतराई. आभार म्हणजे भार असेल तर उतराई म्हणजे तो उतरवणं. 'उतराई उपासना' किती सुंदर!

जालनेकर
शब्द सुंदर आहे, पण आमच्या श्रद्धेत तोच बसत नाही, ताई. उतराई होणं म्हणजे फेडणं. आईबापाचे पांग फेडतात. पण देवाची कृपा फुकट मिळालेली असते, ती फिटत नाही, फेडायचीही नसते. फेडता येत नाही म्हणूनच नुसती स्तुती करायची. लिहिता लिहिता मलाच आज कळलं की त्या शब्दात 'स्तुती' का आहे. आजीला हे विचारायला हवं होतं.

छावणीकर
प्रभुभोजनाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, यूखारिस्तिया, त्याचा अर्थच उपकारस्तुती. म्हणजे हा वर्षातून एकदाचा कार्यक्रम नाही, उपासनेचा गाभाच तो. आम्ही कॅथलिक लोक मिस्सा म्हणतो, पण उपासना तीच.

जुनी पोथी
हे मला ठाऊक नव्हतं. तरी पत्रिकेचा प्रश्न उरतोच. आणि एक, 'नाताळानंतरच्या' लिहिलंत. नाताळ पोर्तुगीज आहे. ख्रिस्तजयंती का नाही?

काळी आई
मग पाद्रीही पोर्तुगीज. तोही काढायचा का? नाताळ आमच्या शेजाऱ्यांच्या घरातला शब्द आहे, तो मी सोडणार नाही.

शाळाबाई
नाताळ आला की नाताळ आलं? माझे विद्यार्थी दोन्ही लिहितात. मी पुल्लिंगी शिकवते.

छावणीकर
आमच्याकडं 'आला'. काही जुन्या माणसांकडून 'आलं'ही ऐकलंय.

जुनी पोथी
जालनेकर, तुमच्या आजी बाजरी कशानं मोजायच्या? पायली की मापटं? शब्द नोंदवून ठेवावा म्हणून विचारतो.

जालनेकर
मापटं. लाकडी होतं, तळाला पितळी पट्टी ठोकलेली. घरात पीठ-धान्य उसनं देताना ती वरून हात फिरवून सपाट द्यायची. देवळात नेताना मात्र शीग लावायची, आणि वाटेत सांडू नये म्हणून वर लुगड्याचा पदर धरून चालायची. आम्ही पोरं मागून पडलेले दाणे वेचायचो.

पत्रिका उद्या छापायला द्यायचीय. अजून कुणाला काही सुचलं तर रात्री लिहा.

काळी आई
आमच्याकडं त्या शीगेला 'शिगोशीग' म्हणायचे. तुमच्या भागात म्हणतात का?