अनुभव धागा: आधी कागद, मग कला?

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी चित्रकला, संगीत, नाटक असं काही करायचं म्हटलं की घरात काय होतं, ते इथे लिहूया. अमेरिकेतल्या घरांतलं विशेष ऐकायचंय, कारण तिथे हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही, व्हिसा आडवा येतो. मुलांनी लिहा, आईबाबांनीही लिहा. नावं नकोत.

*

बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि मी त्याच्या जोडीने कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४वर. शाळेत असताना एका कॅफेच्या मालकिणीने मला भिंतीवर चित्र काढशील का विचारलं, वर मानधनही देणार होती. एच-४वरच्या मुलांना कमाई करता येत नाही, म्हणून बाबांनी नको म्हटलं. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. मग त्यांनी फाईल काढली. ग्रीन कार्डचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा अर्ज आणि रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनचे प्रिंट, आमच्या रांगेच्या तारखेखाली पेनाने रेघ. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग एवढी लांब. आणि २१ वर्षं पूर्ण झाली की मुलांचं एच-४ संपतं.

म्हणजे मला विद्यार्थी व्हिसावर जावं लागणार होतं. चित्रकलेची पदवी घेतली तर पुढे कामासाठी १२ महिने, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयाला त्यावर आणखी २४. मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून अभ्यासक्रमांचे कोड तपासत राहिलो. अ‍ॅनिमेशनच्या काही पदव्या स्टेममध्ये धरतात, त्यातली एक घेतली. मनातली चित्रं अजून रात्रीच काढते, पण त्या टेबलावर बाबा पहिल्यांदा माझ्या बाजूचे वाटले.

*

माझा जन्म इथलाच, म्हणून मला व्हिसाची चिंता नाही; दादाचा भारतातला. मी बॅण्डमध्ये ड्रम वाजवतो. दादा माझ्यापेक्षा कितीतरी सुरेल गायचा, पण त्याने फार्मसी घेतली. आमच्याकडे यावर कुणी बोलत नाही. मला मात्र स्टेजवर चढताना त्याची आठवण येतेच.

*

मी बाप आहे. मुलीला नाटक करायचंय. मुलांना वाटतं, आम्हाला लोक काय म्हणतील याची पडलीय. मला धास्ती आहे ती ६० दिवसांची. एच-१बीवरची नोकरी गेली तर जास्तीत जास्त तेवढीच मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी किंवा दुसरा व्हिसा जमला नाही तर गाशा गुंडाळायचा. हे डोक्यावर असताना ‘कर तुला आवडेल ते’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. तिचा एकही प्रयोग चुकवलेला नाही. मागच्या रांगेत बसतो, पुढे बसलो की ती वाक्यं विसरते म्हणते.

*

वरच्या बाबांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी व्हायोलिन वाजवते, आता ओ-१ या असामान्य गुणवत्तेसाठीच्या व्हिसाच्या मागे आहे. तो कलाकारांनाही मिळतो, पण पुरावे लागतात: पुरस्कार, छापून आलेली परीक्षणं, जाणकारांची पत्रं. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलीने हे कुठून आणायचं? आईने अजून संगीताला हो म्हटलेलं नाही, पण माझ्या प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका तारीख घालून तीच फाईलला लावते. कुणी ओ-१ केला असेल तर जरूर लिहा. पत्रं कुणाकुणाची घेतलीत, आणि हे सगळं जमवायला कधीपासून लागलात?