सीमेपलीकडून दिलेली साक्ष
निर्वासित म्हणून वाढलेल्या कार्यकर्त्यांचा मूळ प्रदेशाशी संबंध तुटतो, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. म्यानमारच्या शान प्रांतातून सहाव्या वर्षी थायलंडच्या सीमेवर आलेल्या चार्म टाँग यांनी सतराव्या वर्षीच जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे तिथल्या स्त्रियांची व्यथा मांडली. त्या सहसंस्थापक असलेल्या शान महिलांच्या संघटनेने २००२ साली जो अहवाल सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला, त्यात म्यानमारच्या लष्कराने केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या १७३ घटना आणि ६२५ पीडित स्त्रिया व मुली यांची नोंद होती. आणि सीमा ओलांडून आलेल्यांनी तोंड उघडले म्हणूनच ही नोंद होऊ शकली, कारण देशात राहून असे बोलणे जिवावर बेतणारे होते.