अनुभव धागा: गाठीशी शिल्लक नसताना निवृत्तीनंतरचा संसार

निवृत्तीसाठी आधीच बचत करायला हवी होती, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. गोव्यात ती ज्यांना जमली नाही त्यांचा महिना प्रत्यक्षात कसा निघतो, एवढेच येथे लिहावे ही विनंती.

डिचोली : मी खाणीवर वजनकाट्याचा कारकून होतो. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा होती ती ठेव मोडली आणि मार्च 2018 मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या तेव्हा मोडण्यासारखे काही उरले नव्हते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम मुलीच्या लग्नात आणि घराच्या छपरावर गेली. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत 2014 मध्ये किमान 1,000 रुपये ठरले. मला त्याहून थोडेच अधिक मिळतात. घर आणि विहीर स्वतःची असल्यामुळेच हे निभावते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माझ्या सोबत्याला एवढ्यात महिना काढणे शक्य झाले नाही आणि तो मुलाकडे बेळगावला गेला. मी एका देवस्थानचे हिशेब लिहितो, त्याच्या मानधनातून वीजबिल आणि गॅस भागतो.

फोंडा : यजमान खासगी बसवर चालक होते, त्यामुळे निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नव्हता. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मला दरमहा 2,000 रुपये मिळतात. ते जमा झाले की आधी वाण्याची उधारी फेडते. बाकीची कमाई एप्रिल-मे महिन्यांतली. भिरंडांची (कोकमांची) सोलां म्हणजे साली वाळवायच्या, आगळ म्हणजे त्यांचा खारवलेला रस काढून बाटल्या भरायच्या, फणसाचे पापड घालायचे आणि हे सगळे ओळखीच्या घरांतून विकायचे. वळीव लवकर आला की सोलांना बुरशी धरते आणि चतुर्थीच्या खर्चाची सोय राहत नाही. मुलगा पैसे पाठवतो, पण ते मागावे लागू नयेत एवढीच माझी धडपड असते.

मडगाव : वडिलांचा रोजचा खर्च आम्हा भावंडांना जड नाही, धास्ती असते ती आजारपणाची. 2016 साली सुरू झालेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत उपचारांच्या खर्चासाठी तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी या योजनेच्या कार्डामुळे कर्ज काढावे लागले नाही. नंतरच्या तपासण्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात होतात. तेथे रांगेत दिवस जातो, परंतु खिसा रिकामा होत नाही.

पेडणे : आमच्याकडे जमीन आहे आणि रोकड नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) चार भावांची नावे असल्यामुळे विकायची म्हटली तरी सर्वांच्या सह्या हव्यात. आणि खरे सांगायचे तर विकण्याची इच्छाही नाही. काजूची बाग दर मोसमाला पावणीने, म्हणजे लिलाव करून देतो. त्यातला माझा वाटा पावसाळ्याच्या तांदळाला आणि औषधांना पुरतो, पुढे दिवाळीपर्यंत ओढाताण असते. घराची पुढची खोली विमानतळावर काम करणाऱ्या मुलांना भाड्याने द्यावी, असे आता पत्नीचे म्हणणे आहे. कोणी अशी खोली दिली असल्यास करारनामा कसा केला आणि पोलिसांकडे भाडेकरूंची नोंद कशी केली, ते कृपया लिहावे.