झुरिकपेक्षा आडेलबोडेन बघा

अमेरिकेतल्या गर्ल स्काउट ट्रूपला (मुलींच्या गटाला) युरोपला न्यायचा तुमचा बेत वाचला. दहा दिवसांत लंडन, पॅरिस, झुरिक आणि रोम? वाचूनच दमले. चौदा वर्षांच्या मुली तिसऱ्या म्युझियमनंतर फक्त वायफाय शोधतात! माझं मत, रोम सरळ गाळा. लंडनहून युरोस्टार रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांत पॅरिस होतं, पुढे झुरिकऐवजी स्वित्झर्लंडमधलंच आडेलबोडेन हे गाव गाठा. तिथलं 'अवर शाले' हे गर्ल गाइड-गर्ल स्काउट चळवळीचं पहिलं जागतिक केंद्र, १९३२ सालचं. (पुण्याचं 'संगम' त्याच मालिकेतलं, १९६६चं.) गावात रेल्वे नाही, फ्रूटिगेनला उतरून बस. मुक्कामाचं मात्र आधी मेल करून विचारा. नाहीच जमलं तर कांडरश्टेगचं स्काउट केंद्र आहे, तिथे थेट ट्रेन जाते.

आता महत्त्वाचं. ट्रूपमधल्या सगळ्याच मुलींकडे अमेरिकन पासपोर्ट आहे का? भारतीय पासपोर्ट असेल तर ग्रीनकार्ड असलं तरी शेंगेन व्हिसा (फ्रान्स, स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) लागतो, आणि ब्रिटनचा वेगळा. अमेरिकन पासपोर्टवाल्यांनाही ब्रिटनसाठी २०२५पासून ईटीए (प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी) काढावं लागतं. प्रत्येकीच्या आईवडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र सोबत ठेवाच. बॅगा मुलींनी स्वतः उचलायच्या, हे आयांना आत्ताच सांगून टाका.