विषय: एसबीए लोन, फ्यूनरल होम – शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय

बापू (एडिसन, न्यू जर्सी), मंगळवार 12 ऑगस्ट 2025
मंडळी, भाच्याचं काम पुन्हा अडलंय. म्हातारा मालक फ्यूनरल होम (अंत्यविधीची सोय करणारा धंदा) त्यालाच विकायला तयार, किंमत ठरली, बँकही एसबीएचं, म्हणजे सरकारच्या लघुउद्योग खात्याची हमी असलेलं, 7(ए) लोन देतेय. खर्चाचे दहा टक्के आपल्या खिशातून घालायचेत, त्यातले निम्मे आमचे जावई देणार आणि थोडा हिस्सा घेणार, असं ठरलं होतं. जावई अजून एच-1बीवर, म्हणजे तात्पुरत्या वर्क व्हिसावर. बँकेच्या बाई म्हणतात, 1 जूनपासून मालकी शंभर टक्के सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाल्यांची लागते. आधी 51 टक्क्यांवर भागायचं. कोणी यातून गेलंय का?

भाऊ (पार्सिपनी)
हिस्सा लेकीच्या नावावर करा. ती सिटिझन आहे ना? संपलं.

नाना (सीपीए, म्हणजे अमेरिकेतले सीए)
भाऊ, संपत नाही. हिस्सा खरोखर तिचा असेल तर हरकत नाही. नाव तिचं, मालक तो आणि बाजूला घरातला कागद, हे मुळीच नको. लोनच्या फॉर्म 1919 वर मालकी लिहून सही करायची असते, खोटं लिहिणं फेडरल गुन्हा आहे. बापू, जावयांनी हिस्सा न घेता भाच्याला रक्कम भेट द्यावी, रीतसर पत्रासह. बँकेला आजच विचारा. दुसरा मार्ग म्हणजे ते निम्मे मालकानेच उधार ठेवायचे. पण आताच्या नियमात लोन फिटेपर्यंत त्याला त्यातला एक डॉलरही मिळणार नाही. इमारत घेत नसाल तर दहा वर्षं, घेत असाल तर पंचवीसपर्यंत. त्या वयात तो का थांबेल?

अण्णा
इमारत घ्याच, आणि स्वतःची दहनाची भट्टीही बसवा. मंडळानेच लोन काढावं असं मी गणपतीच्या मीटिंगमध्येही म्हटलं होतं.

नाना
अण्णा, मंडळ नॉनप्रॉफिट आहे, त्याला 7(ए) मिळत नाही. आणि न्यू जर्सीत फ्यूनरल होमवाल्याला क्रिमेटोरियम चालवता येत नाही, ते दफनभूमीवाल्यांचं काम.

खजिनदार
ही ईमेल लिस्ट कोणाच्या धंद्याचं भांडवल उभं करण्यासाठी नाही. अंत्यविधी मदत समिती रात्री दोनलाही फोन उचलते, आपलं नेहमीचं होम ठरलेलं आहे. समितीला न विचारता नवीन होमचं नाव इथे चालवू नये.

ताई (एडिसन)
खजिनदारसाहेब, समितीने आमच्यासाठी धावपळ केली ते विसरणार नाही. पण सासूबाईंच्या वेळी त्याच होमने आमच्या गळ्यात ओकची पेटी मारली, 2,400 डॉलरची. जाळायला! साधं पुठ्ठ्याचं खोकं चालतं, आणि दहनाची व्यवस्था करून देणाऱ्या होमने ते ठेवायलाच हवं असा एफटीसीचा (ग्राहकांचं हित पाहणारं फेडरल खातं) नियम 1984 पासून आहे, हे आम्हाला नंतर कळलं. नऊवारी त्यांच्याकडच्या मुलीने नेसवली होती, निऱ्या मागे. जाऊबाई आणि मी दार लावून सगळं सोडलं, थंडगार पायांमधून कासोटा नेला आणि पुन्हा नेसवलं. चाळीस मिनिटं लागली. बाहेरून दोनदा टकटक झाली, तुमची वेळ संपत आली म्हणून. नऊवारी म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागत नाही, असा लायसन्सवाला माणूस आपल्यात आहे. त्याचं लोन पाच टक्क्यांवर अडू देऊ नका.

भाऊ
आमच्याकडे वडिलांच्या वेळी समईलाही नाही म्हणाले, फायर अलार्ममुळे. बॅटरीचा दिवा लावला.

खजिनदार
ताई, पेटीचं समितीला तेव्हाच कळवायला हवं होतं. तरी रविवारच्या बैठकीत विषय घेतो.

बापू
नाना, बँकेशी बोललो. भेट चालेल, पत्र हवं आणि जावयांच्या खात्याचे कागद. लेकीला दुपारीच सांगितलं. म्हाताऱ्या मालकाला उधारीचं विचारवलं नाही. ताई, ते पेटीचं बिल असेल तर मला पाठवता? भाचा म्हणतो, किमतींची यादी लिहिताना समोर ठेवतो.